माऊस जोडला, पण ई-रीडर ढिम्म : वाचकांचे प्रश्न

कोबोच्या ई-रीडरवर केओरीडर हे मुक्त वाचन-सॉफ्टवेअर कसे बसवायचे, ते गेल्या अंकात दिले होते. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी बरीच एकाच मुद्द्यावर आहेत : आत लिनक्सच आहे, तर मग याला बाहेरचा माऊस का चालू नये? चालतो. मात्र माऊसचे चाक आणि बटणे इथे खरोखर उपयोगी पडतात, तर पडद्यावर फिरणारा बाण जवळपास निरुपयोगी ठरतो. हे आधीच लक्षात घेतले तर पुढची बरीच खटपट वाचेल.

खालचे तपशील २०१८ साली आलेल्या कोबो क्लारा एचडीचे आहेत : आय.एमएक्स ६ मालिकेतली चिप, ४.१.१५ कर्नेल (लिनक्सचा गाभा), मायक्रो-यूएसबी. इतर मॉडेलवर जिथे फरक पडतो तिथे तसे सांगितले आहे. आज्ञा आणि फाइलींचे रस्ते इथे उच्चाराप्रमाणे नागरीत छापले आहेत. यंत्रावर ते अर्थातच रोमन लिपीत आणि, वेगळे सांगितले नसेल तर, लहान अक्षरांत टाइप करायचे.

प्रश्न : क्लारा एचडीला ओटीजी केबल (फोनसारख्या यंत्राला माऊस, पेन ड्राइव्ह जोडायची केबल) लावून साधा यूएसबी माऊस जोडला. माऊसचा लाल दिवासुद्धा लागत नाही. तोच माऊस त्याच केबलने फोनला चालतो. ई-रीडरचे पोर्ट बिघडले असेल का? (नाशिक)

पोर्ट बहुधा ठीक आहे. फोनमध्ये आपोआप होणाऱ्या दोन गोष्टी इथे होत नाहीत.

पहिली गोष्ट विजेची. यूएसबीमध्ये होस्ट बाजूने, म्हणजे ज्याला साधने जोडतात त्या यंत्राने, ५ व्होल्ट द्यायचे असतात. फोनमध्ये बॅटरीचे सुमारे ३.७ व्होल्ट वाढवून ५ करणारे सर्किट असते. क्लारासारख्या ई-रीडरचे पोर्ट चार्जिंगसाठी आणि संगणकाकडून पुस्तके घेण्यासाठी केलेले आहे; ते वीज घेते, देत नाही. म्हणून दिवा लागत नाही. समजा वीज देता आली असती, तरी सौदा तोट्याचाच होता. क्लाराची बॅटरी १५०० मिलिअँपिअर-तासांची, म्हणजे साडेपाच वॉट-तासांच्या आसपास. माऊसने १०० मिलिअँपिअर ओढले तर ५ व्होल्टला अर्धा वॉट होतो. आठवडेच्या आठवडे टिकणारी बॅटरी दहा-अकरा तासांत संपली असती.

उपाय : बाहेरून वीज घेणारी ओटीजी केबल, जिला बाजारात वाय-केबल म्हणतात, किंवा स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब आणि साधी ओटीजी केबल. वाय-केबलचे तिसरे टोक फोनच्या ५ व्होल्ट चार्जरला लावा. १ अँपिअरचा जुना चार्जर पुरेसा आहे. वाय-केबल नावाने दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. हार्डडिस्कसाठीच्या वाय-केबलला दोन मोठी ए-टोके आणि एक छोटे टोक असते. ती इथे कामाची नाही. आपल्याला हवे ते असे : ई-रीडरकडे मायक्रो-बी नर, माऊससाठी ए मादी, आणि विजेसाठी तिसरे टोक.

दुसरी गोष्ट भूमिकेची. ओटीजी केबलच्या मायक्रो टोकात चौथी पिन ग्राउंडला जोडलेली असते. फोन ती पाहतो आणि होस्ट होतो. क्लारावर ही अदलाबदल आपण सॉफ्टवेअरने करायची. सोपा मार्ग केओरीडरमध्येच आहे : त्याच्या बाह्य कीबोर्डच्या प्लगइनमध्ये ओटीजी मोड चालू-बंद करण्याची सोय आहे. हाताने करायचे असेल तर केओरीडरचा एसएसएच सर्व्हर (दुसऱ्या संगणकावरून आज्ञा देण्याची सोय) सुरू करा (पोर्ट २२२२), संगणकावरून रूट, म्हणजे सर्वाधिकार असलेला वापरकर्ता, म्हणून आत शिरा आणि क्रमाने हे करा :

१. डीबगएफएस (कर्नेलच्या आतले तपशील दाखवणारी फाइलप्रणाली) माउंट नसेल, म्हणजे जोडलेले नसेल, तर ते /सिस/कर्नेल/डीबग या जागी माउंट करा.

२. /सिस/कर्नेल/डीबग/सीआय_एचडीआरसी.०/रोल ही फाइल कॅट या आज्ञेने वाचा. उत्तर ‘गॅजेट’ (दुसऱ्याला जोडले जाणारे साधन) असे येईल.

३. त्याच फाइलमध्ये इको या आज्ञेने ‘होस्ट’ हा शब्द लिहा.

४. आता केबल जोडा. आधी वीज, मग माऊस.

५. डीमेसेज (स्पेलिंग डी-एम-ई-एस-जी; कर्नेलच्या नोंदी दाखवणारी आज्ञा) चालवून तिच्या शेवटच्या ओळी पाहा. ‘न्यू लो-स्पीड यूएसबी डिव्हाइस’ आणि त्याखाली ‘इनपुट’ असे लिहून माऊसचे नाव आले की जिंकलात.

माऊसचा दिवा लागला म्हणजे ओळख पटली असे मात्र नव्हे. दिव्याला फक्त ५ व्होल्ट लागतात. ‘डिव्हाइस डिस्क्रिप्टर रीड’ (साधनाची ओळख-माहिती वाचणे) आणि पुढे उणे ७१ आले, तर बहुतेक वेळा केबल सैल किंवा वीज अपुरी असते. उणे ११० म्हणजे माऊसकडून वेळेत उत्तरच आले नाही. दोन्हीवर पहिला इलाज केबल बदलणे. फक्त चार्जिंगच्या केबलीत डेटाच्या तारा नसतात, आणि त्या दिसायला हुबेहूब सारख्याच असतात. डिस्क्रिप्टर नीट वाचला गेला, पण ‘इनपुट’ची ओळ आली नाही, तर कर्नेलमध्ये यूएसबी-हिड ड्रायव्हर (माऊस-कीबोर्ड चालवणारा भाग) नाही असे समजा. तो मिळवायचा तर नेमक्या त्याच कर्नेल आवृत्तीसाठी मॉड्यूल (कर्नेलला वेगळा जोडायचा तुकडा) बांधावे लागते. आवृत्तीची खूण एका अक्षराने जरी वेगळी असली तरी कर्नेल मॉड्यूल नाकारतो. कोबो कंपनी आपल्या कर्नेलचा स्रोत गिटहबवर ‘कोबोलॅब्स’ या खात्यात ठेवते, तिथून सुरुवात करायची.

वाय-केबलची वीज आत येताच ई-रीडरला चार्जर लावल्यासारखे वाटते. पडद्यावर संगणकाशी जोडू का, असे विचारले तर ‘नाही’ म्हणा. होय म्हटलेत तर पुस्तकांचा विभाग माउंटमधून सुटतो आणि केओरीडरच्या पायाखालची फाइलप्रणालीच निघून जाते. काम झाले की रोल पुन्हा ‘गॅजेट’ करा. नाहीतर पुढच्या वेळी संगणकाला जोडल्यावर काहीच दिसणार नाही आणि पोर्ट गेले असा पुन्हा संशय येईल. यंत्र रीस्टार्ट केले तरी मूळ स्थिती येते.

जुन्या ३.० कर्नेलच्या कोबोंवर ही रोल फाइल नसते. एलिप्सा आणि सेज यांत ऑलविनर चिप आहे, लिब्रा कलर आणि क्लारा कलर यांत मीडियाटेक. त्यांवर हा रस्ता लागू नाही.

प्रश्न : माऊसची ओळख पटली, /डेव्ह/इनपुट मध्ये त्याची फाइल इव्हेंट२ दिसते. पण केओरीडरमध्ये काहीही होत नाही. बाणही नाही, क्लिकही नाही. पुढे काय? (पुणे)

डेस्कटॉप लिनक्सवर बाण काढण्याचे काम एक्स किंवा वेलँड ही खिडक्या दाखवणारी प्रणाली करते. कोबोवर दोन्ही नाहीत. केओरीडर थेट फ्रेमबफरवर (पडद्यावरचे चित्र ठेवणाऱ्या स्मृतीवर) रंगवतो आणि ठरावीक इनपुट-साधनांचेच ऐकतो. कीबोर्डचे प्लगइन नव्या साधनाची क्षमता तपासते आणि कीबोर्ड नसेल तर सोडून देते. तुमचा माऊस बोलतो आहे, पण ऐकणारे कोणी नाही.

तो काय बोलतो ते आधी पाहू. /प्रॉक/बस/इनपुट/डिव्हायसेस वाचा. माऊसच्या नोंदीत ईव्ही=१७ आणि रेल=१०३ अशा ओळी असतील. हे सोळाच्या पायातले आकडे आहेत. १०३ म्हणजे ०, १ आणि ८ हे बिट लागलेले : आडवी हालचाल, उभी हालचाल, चाक. त्याच यादीत एबीएस ही ओळ असलेले साधन म्हणजे स्पर्शपडदा. क्लारावर ते सहसा इव्हेंट१ असते.

आता /डेव्ह/इनपुट/इव्हेंट२ हेक्सडंप या आज्ञेने वाचा आणि चाक एक खाच फिरवा. ३२ बिटांच्या या प्रणालीत प्रत्येक घटना (साधनाने पाठवलेला एक निरोप) १६ बाइटची : पहिले ८ वेळेचे, मग २ प्रकाराचे, २ कोडचे, ४ किमतीचे. (६४ बिटांच्या प्रणालीवर घटना २४ बाइटची होते. दुसऱ्या यंत्रासाठी लिहिलेला कार्यक्रम आणून चालवला आणि सगळे आकडे विचित्र आले, तर कारण बहुधा हेच.) चाकाचा प्रकार २, कोड ८; वर फिरवले तर किंमत १, खाली फिरवले तर उणे १, म्हणजे चारही बाइट एफएफ. बटणांचा प्रकार १ : डावे २७२, उजवे २७३, मधले २७४, अंगठ्याची बाजूची दोन २७५ आणि २७६. दाबल्यावर किंमत १, सोडल्यावर ०. प्रत्येक गठ्ठ्याच्या शेवटी प्रकार ० ची समाप्तीची घटना.

केओरीडरमध्ये सेटिंग्ज फोल्डरात इव्हेंट_मॅप.लुआ नावाची फाइल ठेवून कोणत्याही कळीच्या कोडला हवे ते काम देता येते. ‘२७५ ला मागचे पान द्या’ असे अनेक जण तिच्यात लिहितात आणि काही होत नाही म्हणून वैतागतात. कारणे दोन : माऊसची फाइल केओरीडरने उघडलेलीच नसते, आणि चाक ही मुळात कळ नाही, ती सापेक्ष हालचाल आहे, त्यामुळे या नकाशात बसतच नाही. मधे एक दुभाषा हवा. तो माऊसच्या घटना वाचेल आणि केओरीडर जे आधीच ऐकतो आहे त्यात भर घालेल.

लिनक्सची एक सोय इथे उपयोगी पडते. इव्हेंट फाइल वाचता येते तशी तिच्यात लिहिताही येते. लिहिलेली घटना जणू त्या साधनातूनच आली अशी सगळ्यांपर्यंत पोचते. अट एवढीच की तो कोड त्या साधनाच्या क्षमतांच्या यादीत हवा. नसेल तर कर्नेल काही न बोलता ती घटना टाकून देतो. लिब्रा एच२ओसारख्या पाने उलटायची बटणे असलेल्या कोबोवर म्हणून काम सोपे आहे : बटणांचे साधन शोधा आणि त्यात १९३ (मागे) किंवा १९४ (पुढे) हा कोड आधी १ आणि मग ० किमतीने, दोन्हींनंतर समाप्तीची घटना जोडून लिहा.

क्लारावर बटणे नाहीत, म्हणून स्पर्शाची नक्कल करायची. एसएसएचमध्ये कॅटने इव्हेंट१ वाचून ते ‘पुढे.बिन’ सारख्या एका फाइलीत वळवा (नाव रोमनमध्येच), पडद्यावर उजवीकडे एकदा टिचकी मारा, कंट्रोल-सी दाबा. फाइलचा आकार १६ ने पूर्ण भागला गेला पाहिजे. टिचकी स्वच्छ मारा. बोट सरकले तर फाइल लांबते आणि टिचकीऐवजी ओढणे नोंदले जाते. तशीच डावीकडची टिचकी दुसऱ्या फाइलीत घ्या. आता कॅटने ती फाइल उलट इव्हेंट१ मध्ये ओतली की पान उलटेल.

टिचकी कुठे मारायची, याला महत्त्व आहे. केओरीडरच्या मूळ मांडणीत डावा पाव भाग मागच्या पानाचा आणि उरलेला पाऊण भाग पुढच्या पानाचा. वरची आणि खालची पट्टी मेनूंची. म्हणून उंचीच्या मध्यावर आणि कोऱ्या समासात टिचकी नोंदवा. मजकुरावर नोंदवली तर कधीतरी तिथे तळटीपेचा दुवा येतो आणि पान उलटण्याऐवजी पुस्तक टिपेवर उडी मारते.

आणखी एक पेच. स्पर्शपडद्याच्या घटनेतली नवी किंमत आधीच्या किमतीइतकीच असेल तर कर्नेल ती पुढे पाठवत नाही. तीच टिचकी लागोपाठ ओतली तर दुसऱ्या वेळी आडवा-उभा ठिकाणा गळून फक्त ‘बोट टेकले, उचलले’ एवढेच पोचते. आधीचा ठिकाणा लक्षात ठेवणारे सॉफ्टवेअर हे निभावते, न ठेवणारे गोंधळते. एकाआड एक टिचकी गायब होत असेल तर काही पिक्सेल अंतरावरच्या दोन नोंदी घ्या आणि आलटून पालटून वापरा.

दुभाष्यासाठी कंपायलरची गरज नाही. केओरीडरच्या फोल्डरात लुआ भाषेतले कार्यक्रम चालवणारा लुआजिट असतोच. पंधरा-वीस ओळींचा लुआ कार्यक्रम पुरतो : माऊसची फाइल बायनरी पद्धतीने, बफर बंद ठेवून उघडा, १६-१६ बाइट वाचा, नववा-दहावा बाइट प्रकार, अकरावा-बारावा कोड, तेरावा किंमत, सगळे लिटल-एंडियन (लहान बाइट आधी), प्रकार २, कोड ८ आला आणि तेरावा बाइट १ असेल तर मागची टिचकी, २५५ असेल तर पुढची. वाचन अडवून धरणारे असल्याने माऊस स्वस्थ असताना प्रोसेसर झोपलेला राहतो. मात्र माऊस निघाला की वाचन ‘निल’ परत करते. ते तपासले नाही तर लूप मोकाट सुटतो, प्रोसेसर शंभर टक्के चालतो आणि ई-रीडर हाताला गरम लागतो. निल आला की फाइल बंद करा, दोन सेकंद थांबा, पुन्हा शोधा.

कार्यक्रम सुरू करणारी छोटी शेल फाइल .ॲड्स फोल्डरात ठेवली की ती केओरीडरच्या फाइल-यादीतूनच चालवता येते. शेवटची ओळ अँपरसँडने (&) संपवा, नाहीतर कार्यक्रम संपेपर्यंत केओरीडर अडकून बसेल. विंडोजच्या नोटपॅडात फाइल लिहिली असेल तर ओळींचा शेवट युनिक्स पद्धतीचा करून घ्या. त्या एका अदृश्य अक्षरापायी ‘नॉट फाउंड’ येते आणि माणूस रस्ता चुकला म्हणून तासभर शोधत बसतो.

प्रश्न : वरील पद्धत चालली, पण चाक जरा जोरात फिरले की चार-पाच पाने एकदम जातात. (पुणे, तेच वाचक, दुसरे पत्र)

चाकाच्या एका झटक्यात पाच-सहा खाचा सहज निघतात, आणि सोळा करड्या छटांचे पूर्ण चित्र उमटायला ई-इंकला (ई-रीडरच्या पडद्याला) ४५० मिलिसेकंदांच्या आसपास लागतात. खाचा रांगेत साठतात, पाने मागाहून उलटत राहतात. एक खाच स्वीकारली की पुढचे ४०० मिलिसेकंद येणाऱ्या सर्व खाचा फेकून द्या. वेळ घटनेच्या पहिल्या आठ बाइटांत असतेच (चार सेकंदांचे, चार मायक्रोसेकंदांचे), वेगळे घड्याळ नको. बटणांना हे लागत नाही. फक्त किंमत १ वर कृती करा, ० वर नको, नाहीतर प्रत्येक क्लिकला दोन पाने.

प्रश्न : मला खरा कर्सर हवा आहे. शब्दावर नेऊन शब्दकोश उघडायचा, ओळी अधोरेखित करायच्या. हे अशक्य का मानता? (पणजी)

अशक्य नाही, पण खर्च पाहा. साधा यूएसबी माऊस सेकंदाला १२५ वेळा हालचाल कळवतो, म्हणजे दर ८ मिलिसेकंदांनी. ई-इंकची सर्वांत वेगवान एटू पद्धत फक्त काळा-पांढरा दाखवते आणि तिला १२० मिलिसेकंदांच्या आसपास लागतात. डीयू पद्धतीला २६० च्या आसपास. म्हणजे उत्तम परिस्थितीत बाण सेकंदाला आठ वेळा हलेल, आणि तेवढ्यात माऊसने सव्वाशे निरोप पाठवलेले असतील. ते बेरीज करून एकत्र पाठवले पाहिजेत. प्रत्येक निरोपाला बाण रंगवायला गेलात, तर पडद्याच्या नियंत्रकात टक्कर होते : एखाद्या भागाचे चित्र बदलणे चालू असताना त्याच भागाची नवी मागणी आली, तर ती पहिले काम संपेपर्यंत खोळंबते. हात थांबल्यावरही बाण दोन-तीन सेकंद चालतच राहतो, तो यामुळे.

शिवाय एटूचे ओरखडे मागे राहतात. अक्षरांवरून बाण गेला की त्यांच्या कडांचे करडेपण जाते आणि पुसट वाट उरते. ती साफ करायला अधूनमधून त्या भागाचे पूर्ण उजळणे लागते, आणि तेव्हा पडदा लुकलुकतो. बाणाखालचे मूळ पिक्सेल जपून परत ठेवायचे, आणि तेवढ्यात केओरीडरने स्वतः पान उलटले तर ते जपलेले तुकडे शिळे झालेले असतात. दोन कार्यक्रमांनी एकाच फ्रेमबफरवर रंगवण्यातला हा मूळचा दोष आहे. म्हणून बाण करायचाच, तर बाहेरून नव्हे, केओरीडरच्या आत, त्याच्या रंगवण्याच्या क्रमात बसणारा घटक म्हणून करा. आकार २४ बाय २४ पिक्सेल, भरीव काळा, भोवती पांढरी कड. थांबलेल्या हातानंतर ३०० मिलिसेकंदांनी एक स्वच्छ उजळणी.

वेगाचे गणित सोपे आहे. क्लाराचा पडदा १०७२ बाय १४४८, इंचाला ३०० पिक्सेल. १००० डीपीआयचा माऊस एक इंच सरकला की साधारण हजार मोजण्या देतो, म्हणजे गुणक १ ठेवला तर इंचभरात पडद्याची जवळपास सगळी रुंदी संपते. बाण नजरेमागून येत असताना हा वेग झेपत नाही, ०.३ पासून सुरुवात करा आणि डेस्कटॉपवरची प्रवेगाची युक्ती इथे आणू नका. पडदा आडवा फिरवला की आडवे-उभे अक्ष बदलून घ्यायचे, हेही कार्यक्रमालाच करावे लागते. नोंदवलेल्या टिचकीलाही हेच लागू : ती काचेवरची जागा असते, पानावरची नाही. शिवाय नोंदवलेली लांब दाबणी पुन्हा ओतली तर ती टिचकीच ठरते, कारण कर्नेल जुन्या वेळा टाकून सगळ्या घटनांना आत्ताची वेळ लावतो. शब्दकोशासाठी ‘बोट टेकले’ आणि ‘उचलले’ यांत कार्यक्रमाने स्वतः सेकंदभर थांबले पाहिजे.

तुमच्या कामाला आम्ही छोटा यूएसबी कीबोर्ड सुचवू. प्लगइन तो ओळखते, आणि शोधायचा शब्द टाइप करायलाही तो उपयोगी. बाणच हवा असेल तर अँड्रॉइडवर चालणारे ओनिक्स बूक्स घ्या, त्यावर माऊस मुळातच चालतो. किंवा प्रयोगाची तयारी असेल तर पाइन६४ चा १०.३ इंची पाइननोट, ज्यावर पूर्ण डेबियन चालते.

प्रश्न : वडिलांना पक्षाघातानंतर पडद्यावर बोट नेमके टेकवता येत नाही, पण मोठे बटण दाबता येते. ई-रीडर स्टँडवर ठेवून माऊसच्या क्लिकने पान उलटावे असा विचार आहे. योग्य आहे का? (सांगली)

कल्पना योग्य, साधन बदला. माऊस दाबताना घसरतो, आणि वरची सगळी दुभाष्याची खटपट तुमच्या गळ्यात पडते. त्याऐवजी यूएसबीला जोडल्यावर कीबोर्ड म्हणून ओळख सांगणारे साधन घ्या. मग कीबोर्डचे प्लगइन पुरते.

सर्वांत स्वस्त मार्ग सभांमध्ये स्लाइड बदलायला वापरतात त्या रिमोटचा. त्यांचे रिसीव्हर बहुधा पेज-अप (१०४) आणि पेज-डाउन (१०९) याच कळा पाठवतात. पण बटणे लहान असतात.

मोठे बटण हवे तर घरी करता येते. लागेल ते : एटीमेगा३२यू४ चिप असलेला आर्डुइनो प्रो मायक्रो बोर्ड (५ व्होल्टचा), खेळांच्या यंत्रांवर असते तसे ६० मिलिमीटर किंवा मोठे बटण, दोन तारा, एक डबी. बटणाचे एक टोक ग्राउंडला, दुसरे २ क्रमांकाच्या पिनला. पिन अंतर्गत पुल-अपवर (बटण दाबलेले नसताना पिनवर व्होल्टेज टिकवणारी चिपमधली सोय) ठेवा, वेगळा रेझिस्टर नको. आर्डुइनोच्या कीबोर्ड लायब्ररीने पेज-डाउन पाठवा. स्प्रिंगच्या थरथरीसाठी ३० मिलिसेकंद धरतात. हात कापत असेल तर ते पुरणार नाहीत. एका दाबानंतर ८०० मिलिसेकंद ते एक सेकंद पुढचे दाब सोडून द्या, आणि दाबून ठेवले तरी एकच पान उलटेल असे लिहा. मागच्या पानासाठी दुसरे बटण वेगळ्या रंगाचे आणि हाताच्या नेहमीच्या वाटेत न येणारे ठेवा.

एक अडचण नक्की येईल. हा बोर्ड स्वतःची गरज ५०० मिलिअँपिअर असल्याचे सांगतो, प्रत्यक्षात त्याहून खूप कमी घेतो. स्वतःची वीज नसलेल्या हबमधून जोडला तर कर्नेल तो नाकारतो आणि डीमेसेजमध्ये अपुऱ्या विजेची तक्रार दिसते. अडॅप्टर असलेला हब वापरा किंवा वाय-केबलला थेट जोडा. चार्जरची तार पलंगाजवळून जाणार, तेव्हा केबल स्टँडला बांधून टाका. मायक्रो-यूएसबीचे तोंड ओढ सहन करत नाही.

तयार वस्तू घ्यायची असेल तर अपंगांसाठीची मोठी स्विचे ३.५ मिलिमीटर मोनो जॅकची असतात आणि त्यांना यूएसबी कीबोर्ड बनवणारी जोडणीपेटी वेगळी मिळते.

प्रश्न : केबल नकोच. लॅपटॉपजवळ ई-रीडर उभा असतो. लॅपटॉपच्याच माऊसने पान उलटता येईल का? (ठाणे)

येईल, आणि यंत्राला धक्काही लागत नाही. केओरीडरमध्ये एचटीटीपी इन्स्पेक्टर नावाचे प्लगइन आहे. ते सुरू केले की ई-रीडर ८०८० पोर्टवर ऐकतो. पत्त्यात ई-रीडरचा आयपी, मग /केओरीडर/इव्हेंट/गोटूव्ह्यूरेल/१ (शेवटच्या शब्दात जी, व्ही आणि आर ही अक्षरे मोठी) असे दिले की पुढचे पान, शेवटी उणे १ दिले की मागचे. लॅपटॉपवर कर्ल या आज्ञेने हा पत्ता उघडणारी ओळ माऊसच्या बाजूच्या बटणाला बांधा, झाले. टिचकीतला दुव्यांचा आणि पडदा फिरवण्याचा गोंधळ इथे नाही, कारण थेट ‘पान उलट’ हेच सांगितले जाते.

तोटा वायफायचा. ते सतत चालू ठेवल्याने बॅटरी आठवड्यांऐवजी दिवसांत मोजावी लागते. शिवाय या पोर्टला पासवर्ड नाही, आणि त्यातून केओरीडरच्या आतले बरेच काही बदलता येते. वसतिगृहाच्या किंवा कॅफेच्या वायफायवर ते चालू ठेवू नका.

प्रश्न : माझ्या लिब्रा २ मध्ये ब्लूटूथ आहे. ब्लूटूथ माऊस यादीत का दिसत नाही? (रत्नागिरी)

ते ब्लूटूथ बोलकी पुस्तके ऐकण्यासाठी आहे. कोबोचे मूळ सॉफ्टवेअर हेडफोन आणि स्पीकर शोधते. माऊससाठी हिड प्रोफाइल लागते आणि कर्नेलमध्ये त्याला जुळणारा भाग (नव्या कमी-ऊर्जेच्या माऊससाठी यूहिड) लागतो. तो भाग बाहेरून घालून जोडणी करणारे आहेत, पण प्रत्येक चिपला वेगळी कृती आहे आणि मूळ सॉफ्टवेअर अद्ययावत झाले की ती पुन्हा तपासावी लागते. पानेच उलटायची असतील तर लिब्राला स्वतःची बटणे आहेत.

प्रश्न : हे सगळे करताना यंत्र कायमचे बंद पडले तर? (कोल्हापूर)

वरच्या कृतीत मूळ प्रणालीला हात लावलेला नाही. रोल बदलणे रीस्टार्टने पुसले जाते, बाकी फाइली .ॲड्स फोल्डरात आहेत, त्या काढल्या की संपले. धोका कर्नेलचे मॉड्यूल घालताना किंवा कुणी दिलेली कोबोरूट.टीजीझेड ही फाइल .कोबो फोल्डरात टाकताना असतो. ती फाइल रीस्टार्टच्या वेळी थेट मूळ फाइलप्रणालीवर उलगडते, आत काय आहे हे कुणी तपासत नाही. टाकण्याआधी संगणकावर उलगडून पाहा.

क्लारा एचडीची एक जमेची बाजू : तिची ८ जीबी साठवण म्हणजे आत खाचेत बसवलेले साधे मायक्रो-एसडी कार्ड आहे. यंत्र बंद करून मागचे झाकण प्लास्टिकच्या पातळ पट्टीने कडेकडेने उचला, कार्ड काढा, संगणकावर डीडी या आज्ञेने अख्ख्या कार्डाची प्रत करा. अख्ख्या म्हणजे अख्ख्या. फक्त विभागांच्या प्रती घेऊ नका. कर्नेल आणि यंत्राची हार्डवेअर-नोंद पहिल्या विभागाच्या आधीच्या मोकळ्या भागात असते, आणि ती गेली तर फॅक्टरी रीसेट तिला परत आणू शकत नाही.

प्रश्न : एकदा झोपवून जागे केले की माऊस बंद. दर वेळी केबल काढून लावावी लागते. (औरंगाबाद)

झोपेत यूएसबी बंद होते, जाग आल्यावर माऊस नव्याने नोंदला जातो आणि त्याचा क्रमांक बदलू शकतो. इव्हेंट२ चा इव्हेंट३ होतो. कार्यक्रमात क्रमांक पक्का लिहू नका. /प्रॉक/बस/इनपुट/डिव्हायसेसमध्ये रेल=१०३ असलेली नोंद शोधा आणि तिच्या हँडलर्सच्या ओळीतून इव्हेंटचा क्रमांक घ्या. वायरलेस डोंगल आणि खेळाचे माऊस दोन-तीन नोंदी करतात, त्यांतली एक कीबोर्डची असते. ती घेतली तर चाक कधीच बोलणार नाही. जागे झाल्यावर यादीत माऊस मुळीच नसेल तर रोलची फाइल वाचा. तिथे पुन्हा ‘गॅजेट’ आलेले असेल, तर शोधणाऱ्या लूपमध्येच ‘होस्ट’ लिहिण्याची एक ओळ घाला, फक्त संगणकाची केबल जोडण्याआधी तो लूप थांबवायला विसरू नका.